६.२५ टीबीच्या टेपवर सव्वादोन टीबीच का मावतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे एलटीओ-६ ड्राइव्ह आहे, म्हणजे बॅकअपसाठी चुंबकीय टेपवर डेटा लिहिणारं यंत्र; एलटीओ हा टेपचा प्रकार आणि सहा ही त्याची पिढी. मे महिन्यापर्यंत शुक्रवार रात्रीचा फुल बॅकअप एका टेपवर आरामात बसायचा. आता सॉफ्टवेअरमध्ये २.२४ टीबीचा आकडा दिसला की ते दुसरी टेप मागतं. टेपच्या वेष्टनावर मात्र ६.२५ टीबी छापलेलं आहे. नवी कोरी टेप लावली तरी तेच. विक्रेता म्हणतो ड्राइव्हचं हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग, झिजलंय, आणि त्याने एलटीओ-८ ड्राइव्हचं कोटेशनही पाठवलंय. घ्यावं का?

नका घेऊ. या कारणासाठी तर अजिबात नको. तुमची टेप पूर्ण भरतेय, काठोकाठ.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. टेप बनवणारे टीबी मोजतात ते दशमानात, म्हणजे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट. विंडोज आणि त्यावर चालणारी बरीच सॉफ्टवेअरं १०२४ च्या पटीत मोजतात आणि तरीही नाव टीबीच लावतात. तुमचे २.२४ दशमानात २.४६ होतात. एलटीओ-६ टेपची खरी क्षमता आहे २.५ टीबी. म्हणजे सुमारे ३७ जीबी कमी पडले, दीड टक्का. ते का गेले हेही सांगता येतं. एलटीओ ड्राइव्हमध्ये लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारं हेड असतं. आत्ता लिहिलेलं नीट वाचता आलं नाही, तर ड्राइव्ह टेप न थांबवता तोच तुकडा पुढे पुन्हा लिहितो. शिवाय फाइलमार्क, म्हणजे एक भाग कुठे संपला ते दाखवणाऱ्या खुणा, असतात, मधली मोकळी राहिलेली जागा असते. माझा ठोकताळा असा की तीन-चार टक्क्यांपर्यंत कमी पडलं तर दुर्लक्ष करावं. पंधरा-वीस टक्के कमी पडलं तर हेड, टेप किंवा धूळ यांच्याकडे वळावं. दीड टक्क्यावर हेड बदलायला सांगणारा माणूस एकतर मोजत नाही किंवा विकायला आलेला असतो.

मग ६.२५ हा आकडा कुठून आला? २.५ गुणिले २.५. टेप बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय की तुमचा डेटा दाबून अडीच पट लहान होईल. हे टेपबद्दलचं विधानच नव्हे, तुमच्या डेटाबद्दलचा त्यांचा अंदाज आहे, आणि तुमचा डेटा त्यांनी पाहिलेला नाही. कापूस प्रेसमध्ये घातला की त्याची गासडी होते. ज्वारी कितीही दाबली तरी ज्वारीच राहते. पोतं तेच असतं.

ही सवय या धंद्यात जुनी आहे. एलटीओ २००० साली आलं तेव्हा पहिल्या पिढीची टेप १०० जीबीची होती आणि वेष्टनावर २०० लिहिलेलं असायचं. पाचव्या पिढीपर्यंत दुप्पट हेच गृहीत चाललं. २०१२ मध्ये एलटीओ-६ आलं आणि दुपटीचे अडीच पट झाले. त्याला एक तांत्रिक आधार होता, तो खाली सांगतो. पण एलटीओवाले निदान दोन्ही आकडे छापतात. डीएटी नावाच्या छोट्या टेपमध्ये तर नावातच फसगत होती. डीएटी-७२ म्हणून जी टेप विकली जायची तिची खरी क्षमता ३६ जीबी, डीएटी-१६० ची ८०. एआयटी ही सोनीची टेप, तिच्यावाल्यांनी तर २.६ पट धरली होती. हा दशांश कुणी कसा ठरवला असेल, याचं मला तेव्हापासून कुतूहल आहे.

माझी पहिली फजिती १९९९ सालची, पुण्यातल्या एका छापखान्यात. डीडीएस-३ टेप होत्या (डीएटीच्याच घराण्यातल्या), १२ जीबीच्या, वर २४ छापलेलं. डेटा होता पंधराच्या आसपास. मालकांनी २४ पाहून टेप आणल्या आणि मीही मान डोलावली. पंधरातले नऊ-दहा जीबी जेपीईजी फोटो होते, आणि जेपीईजी म्हणजे आधीच दाबलेला माल. शनिवारी रात्री टेप भरली, पडद्यावर ‘दुसरी टेप घाला’ असा निरोप आला, आणि तो सोमवारी सकाळपर्यंत तसाच होता, कारण घालायला कुणी नव्हतंच. सोमवारी दुपारी डिस्क गेली. आठवडाभराची पानं पुन्हा लावावी लागली. मालक एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून टेपचा हिशेब मी मूळ क्षमतेवरच करतो. दाबून जे वाचेल ते वरकड समजायचं.

आता ड्राइव्हच्या आत काय चालतं ते पाहू, म्हणजे तुमच्याकडे मे नंतर काय बिघडलं ते लगेच कळेल. टेप ड्राइव्हमधल्या कॉम्प्रेशनचं, म्हणजे डेटा दाबण्याचं, मूळ १९७७ साली लेम्पेल आणि झिव्ह या दोघांनी मांडलेल्या पद्धतीत आहे. नुकताच येऊन गेलेला मजकूर ड्राइव्ह एका छोट्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, ठेवतो. नवीन मजकुरात तोच तुकडा पुन्हा आला तर तो पूर्ण न लिहिता ‘इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल’ एवढीच खूण लिहितो. तुमच्या ईआरपीमध्ये, म्हणजे कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हजारो ओळींत ‘कोल्हापूर’, तोच पिनकोड, तेच कास्टिंगचं नाव, तोच कराचा दर येतो. शिवाय डेटाबेसच्या पानांत रिकामी जागा म्हणून शून्यांच्या रांगाच्या रांगा असतात. तिथे ही पद्धत फार चालते. सुरुवातीच्या पिढ्यांत हा बफर जेमतेम एक केबीचा होता. म्हणजे ड्राइव्हची आठवण एक केबी मागेपर्यंतच. एलटीओ-६ मध्ये तो बराच मोठा केला, म्हणून लांबच्या पुनरावृत्तीही सापडू लागल्या. दुपटीचे अडीच पट झाले ते यामुळे.

पण पुनरावृत्तीच नसेल तर खूण कशाची करणार? जेपीईजी, एमपी३, सीसीटीव्हीचा एच.२६४ व्हिडिओ, झिप फाइल, या सगळ्यांतली पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली असते. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: ऑफिस २००७ पासूनच्या एक्सेल आणि वर्डच्या फाइली म्हणजे नाव बदललेल्या झिप फाइलीच आहेत. पूर्वी ‘ऑफिसच्या फाइली छान दाबल्या जातात’ असं आम्ही बिनधास्त सांगायचो. ते दिवस गेले.

दाबता न येणारा डेटा आला की एलटीओ ड्राइव्ह दाबण्याचा नाद सोडून तो तसाच पुढे जाऊ देतो, त्यामुळे नुकसान नगण्य असतं. जुन्या डीडीएस ड्राइव्हमध्ये ही सोय नव्हती, तिथे दाबलेलं परत दाबायला गेलं की डेटा उलट फुगायचा. ‘सॉफ्टवेअरचं कॉम्प्रेशन चालू असेल तर ड्राइव्हचं बंद करा’ हा सल्ला त्या काळातला. एलटीओवर त्याची काळजी करत बसू नका.

आता तुमच्या प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन ओळींकडे येतो, कारण खरं उत्तर तिथेच आहे. एक, जूनमध्ये ऑडिटरने सांगितल्यावरून बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी सोय, चालू केलं. दोन, त्याच सुमाराला गेट आणि भट्टीजवळच्या कॅमेऱ्यांचं फुटेजही बॅकअपमध्ये घेतलं. सॉफ्टवेअरमधलं कॉम्प्रेशन ‘ड्राइव्ह करतोच आहे’ म्हणून बंद ठेवलं आहे.

एन्क्रिप्शन चांगलं असेल तर त्यातून बाहेर पडणारे बाइट निव्वळ गोंगाटासारखे दिसतात. त्यात काही आकृतिबंध सापडला असता तर तो त्या एन्क्रिप्शनचाच दोष ठरला असता. म्हणजे जूनपासून तुमच्या ड्राइव्हपर्यंत ईआरपी पोचतच नाही, पोचतो तो गोंगाट. कॉम्प्रेशन चालू आहे, दिवा लागतोय, पण दाबायला काही नाही. आकड्यातही ते दिसतंच: २.४६ आत गेलं आणि २.४६ च टेपवर बसलं, म्हणजे प्रमाण एकास एक. सीसीटीव्ही धरूनही इतकं नेमकं एकास एक एरवी येत नाही. आधी दाबायचं, मग कुलूप लावायचं, हा क्रम उलटला की दाबणं संपलं. ऑडिटरचं म्हणणं चूक नाही. टेप बाहेर जाते, कुणाच्याही हाती पडू शकते, एन्क्रिप्शन हवंच. फक्त ते लावायची जागा चुकली.

तुम्ही दिलेले आकडे दशमानात करून मी हिशेब मांडला. ईआरपीचा डेटाबेस ०.९ टीबी, ड्रॉइंग ०.८, मेल ०.५, स्कॅन केलेल्या पीडीएफ ०.४ आणि फुटेज १ टीबी, एकूण ३.६. माझ्या अनुभवाने असा डेटाबेस तीन ते पाच पट दाबला जातो, चार धरू. ड्रॉइंग १.३ पट, मेल १.६, पीडीएफ आणि फुटेज एकास एक. टेपवर लागणारी जागा: ०.२३ अधिक ०.६२ अधिक ०.३१ अधिक ०.४ अधिक १, म्हणजे साधारण २.५५ टीबी. एकूण प्रमाण १.४ च्या आसपास पडतं, अडीच नव्हे.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात मी शिकलेसवरलेले लोक पडताना पाहिलेत. चार, १.३, १.६, एक, एक यांची सरासरी काढली तर १.७८ येते आणि ‘३.६ भागिले १.७८, दोन टीबी, बसेल की!’ असं वाटतं. बसत नाही. प्रमाणांची सरासरी काढायची नसते. प्रत्येक ढिगाला किती जागा लागेल ते काढून बेरीज करायची. न दाबला जाणारा ढीग मोठा असेल तर तोच टेप खातो. तुमच्याकडे तो ढीग फुटेजचा आहे. मे मध्ये फुटेज नव्हतं आणि एन्क्रिप्शनही नव्हतं, तेव्हा २.६ टीबी दाबून १.५५ मध्ये बसत होते. एक टेप, वर भरपूर जागा. विक्रेत्याला हेड मे मध्ये चांगलं आणि जूनमध्ये झिजलेलं कसं दिसलं, ते त्यालाच विचारा.

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत. पहिला, एन्क्रिप्शन ड्राइव्हकडे सोपवायचं. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच एईएस-२५६ या पद्धतीच्या एन्क्रिप्शनची सोय आहे, आणि ड्राइव्ह बरोबर क्रमाने काम करतो: आधी दाबतो, मग कुलूप लावतो. त्यासाठी किल्ली पुरवणारं सॉफ्टवेअर लागतं. तुमच्या आवृत्तीत ती सोय आहे का ते पाहावं लागेल. दुसरा, सॉफ्टवेअरचं कॉम्प्रेशन चालू करायचं. बहुतेक सॉफ्टवेअरं दोन्ही चालू असतील तर आधी दाबून मग एन्क्रिप्ट करतात, तरी तुमच्या सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक एकदा पाहा.

तुमच्या मांडणीत मी दुसरा रस्ता घेईन. कारण वेगाचं आहे.

एलटीओ-६ चा मूळ वेग सेकंदाला १६० एमबी. तुमचं नेटवर्क एक गिगाबिटचं आहे, त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येतात. इतक्यावर ड्राइव्ह आपला वेग कमी करून जुळवून घेतो, त्याला थांबावं लागत नाही. पण या जुळवून घेण्याला खालची मर्यादा असते; बनावटीनुसार एलटीओ-६ ला ती सेकंदाला ४० ते ५५ एमबी असते. आता एन्क्रिप्शन ड्राइव्हकडे दिलं आणि डेटाबेस चार पट दाबला गेला, तर आत येणाऱ्या ११० पैकी टेपवर लिहायला उरतात जेमतेम २७ एमबी. ड्राइव्ह उपाशी. मग तो थांबतो, टेप मागे घेतो, बफर भरायची वाट पाहतो, पुन्हा धावतो. बूट पुसणाऱ्याच्या हातातल्या फडक्यासारखी टेप हेडवरून मागेपुढे होते, म्हणून याला शू-शायनिंगच म्हणतात. बॅकअपला दुप्पट वेळ लागतो आणि यात हेड खरोखर झिजतं. गंमत म्हणजे एन्क्रिप्शनमुळे दोन महिने जागा वाया गेली, पण तुमचा ड्राइव्ह मात्र सलग, सुखात धावत होता. मे पर्यंत मात्र तो डेटाबेसच्या वेळी अडखळत असणार. तेव्हा मशीनजवळ बसून ऐकलं असतंत तर कळलं असतं. चांगला चालणारा ड्राइव्ह एकसुरी गुणगुणतो, उपाशी ड्राइव्ह दर दोन सेकंदांनी उसासा टाकतो.

डेटा ज्या सर्व्हरवर आहे तिथेच सॉफ्टवेअरने दाबून आणि एन्क्रिप्ट करून मग नेटवर्कवर सोडला, तर तारेतून जाणारे ११० एमबी हे आधीच दाबलेले असतील. टेपवर तेवढेच उतरतील, ड्राइव्ह अडखळणार नाही, आणि डेटाबेस तर प्रत्यक्षात कित्येक पट वेगाने निघेल, प्रोसेसर आणि डिस्क साथ देतील तितका. शुक्रवारी रात्री तुमचा ईआरपी सर्व्हर रिकामाच बसलेला असतो, त्याला काम द्या. पीडीएफ आणि फुटेजच्या जॉबला कॉम्प्रेशन लावू नका, तिथे प्रोसेसर फुकट तापतो. सर्व्हर फारच जुना असेल तर पर्याय असा की आधी सगळं ड्राइव्हला जोडलेल्या वेगवान डिस्कवर उतरवायचं आणि तिथून टेपवर सोडायचं. मग एन्क्रिप्शन ड्राइव्हकडे दिलं तरी चालेल, फक्त डिस्कने सेकंदाला सव्वादोनशे एमबी तरी द्यायला हवेत.

हे सगळं करूनही २.५५ टीबी २.४६ मध्ये बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. नव्वद-शंभर जीबीसाठी दुसरी टेप लागेल. म्हणून फुटेज या जॉबमधून काढा. तसंही दर शुक्रवारी त्याचा फुल बॅकअप घेण्यात अर्थ नाही. रेकॉर्ड झालेली क्लिप पुढच्या आठवड्यात बदलत नाही. ती वेगळ्या टेपवर एकदा लिहा, दोन प्रती करा, एक बाहेर ठेवा, आणि पुढची फुटेज तिच्याच शेपटाला जोडत जा. उरलेला माल दीड टीबीत येईल. वर्षभर तरी बघायला नको.

बदल केल्यावर खात्री कशी करायची? सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ‘वाचलेले बाइट’ आणि ‘टेपवर लिहिलेले बाइट’ असे दोन आकडे असतात, त्यांचं गुणोत्तर पाहा. ड्राइव्हही स्वतःचा कॉम्प्रेशनचा हिशेब ठेवतो. आयबीएमचं आयटीडीटी किंवा एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स यांनी ड्राइव्हची तब्येत तपासता येते, तेही विक्रेत्याला न बोलावता. स्वतः चाचणी करायची असेल तर रँडम बाइटांची फाइल करून लिहा. नुसत्या शून्यांची फाइल लिहून ‘माझा ड्राइव्ह सेकंदाला चारशे एमबी देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शून्यं दाबून जवळजवळ काहीच उरत नाही. तुम्ही टेप मोजलेली नसते, केबल मोजलेली असते.

कोटेशनबद्दल एक. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचत होते. एलटीओ-८ फक्त सातव्या आणि आठव्या पिढीची टेप वाचतो. म्हणजे तो ड्राइव्ह घेतला असता तर कपाटातल्या तुमच्या सगळ्या एलटीओ-६ टेप त्याला वाचताच आल्या नसत्या. कोटेशनमध्ये हे लिहिलेलं नाही असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. पुढे कधी मोठी क्षमता लागलीच तर हा ड्राइव्ह विकू नका, जुन्या टेप वाचण्यापुरता ठेवून द्या.

त्या कपाटाचंही पाहा. दीर्घकाळ ठेवायच्या टेपला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली आहे. आपल्याकडच्या जुलैमध्ये बंद कपाटातली हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, आणि फाउंड्रीतली बारीक काळी धूळ वेगळीच. टेप प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा, कपाट ऑफिसच्या एसी खोलीत हलवा, आणि ड्राइव्हने मागितलं की क्लीनिंग कार्ट्रिज लावा, उगाच दर आठवड्याला नको.

या शुक्रवारी सेटिंग बदलण्याआधी एन्क्रिप्शनची किल्ली किंवा पासफ्रेज कुठे आहे ते शोधा. ती फक्त त्या बॅकअप सर्व्हरवरच असेल तर सर्व्हर गेला की जूनपासूनच्या सगळ्या टेपही गेल्यातच जमा. कागदावर छापून एक प्रत पाकिटात घालून अकाउंट्सच्या तिजोरीत द्या. मग जूनमधली एक टेप काढून त्यातली चार-पाच ड्रॉइंग आणि डेटाबेसची एक प्रत दुसऱ्याच मशीनवर रिस्टोअर करून बघा. ते झालं की कॉम्प्रेशन चालू करून फुल बॅकअप सोडा आणि शनिवारी सकाळी लॉगमधले ते दोन आकडे कळवा. फुटेज वगळून प्रमाण दीडच्या खाली आलं, तर ड्रॉइंगबद्दलचा माझा अंदाज चुकला असेल. हेडकडे त्यानंतर बघू.